नऊ दिवसांचे शब्द

"वायर कुणी ओढली?"

विशाखा मगदूमचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेनऊ वाजलेले. सर्व्हरच्या खोलीत झेंडूचा वास कोंदला होता. काळ्या पेटीवर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेली, पंख्याच्या जाळीत अक्षता अडकलेल्या, आणि मागची जाड वायर काढून, नीट गुंडाळी करून, पेटीवर नारळाशेजारी ठेवलेली.

"मी ओढली, ताई," मल्लाप्पा म्हणाला. ट्रस्टच्या दवाखान्यात तो अठरा वर्षं शिपाई होता, श्रावणात हे वाचा केंद्र उघडलं तेव्हा त्याला इकडे आणलं. "खंडेनवमीची पूजा हुती. अण्णा म्हणाले, यंत्र चालू ठिवून पूजा हुत न्हाई. भिंतीवरचं बटण बंद केलं, तर हे आपलं बॅटरीवर चालूच. म्हणून मागनं काढली."

"अरे, अक्कल आहे का तुला? दारावर एवढा मोठा कागद लावलाय मी! हात लावू नये, आधी मला फोन करावा! दिसत नाही? का वाचता येत नाही?"

"कागदावर तोरण आलं हुतं, ताई."

विशाखा रोज त्याला मल्लाप्पा मामा म्हणायची, अहोजाहो करायची. आज अकरा रुग्णांच्या नातेवाइकांसमोर तिने त्याला अरेतुरे केलं आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. मल्लाप्पाला कळलं. तो खाली मान घालून नारळ उचलायला लागला.

इचलकरंजीत खंडेनवमीला माग चालत नाहीत, ही आजकालची गोष्ट नाही. धोट्याचे माग गेले, हवेच्या झोतावर चालणारे आले, २०३९ साल उजाडलं, पण नवमीला बटण बंद म्हणजे बंद. यंत्राला पुसायचं, कुंकू लावायचं, पेढा ठेवायचा आणि दसरा झाल्यावर पुन्हा सुरू करायचं. ट्रस्टचे विश्वस्त बाळगोंडा अण्णा स्वतः दोनशे मागांचे मालक. त्यांच्या लेखी माग काय न् सर्व्हर काय, वीज खाते ती वस्तू यंत्र, आणि यंत्राची पूजा झालीच पाहिजे.

विशाखाने वायर लावली, बटण दाबलं. लिनक्स ही यंत्राची मूळ प्रणाली उठली. सगळ्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस उठेना. पडद्यावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: शेवटची खात्रीची नोंद सापडत नाही. तिने तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा टेबलावर मूठ आपटली.

या पेटीत काय होतं, ते सांगायला हवं. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूचा बोलण्याचा भाग गेला, की माणसाला समजतं सगळं, मनात शब्दही उमटतो, पण तो तोंडापर्यंत पोचत नाही. मनात शब्द उमटतो तेव्हा मेंदूच्या पेशींतून किंचित वीज वाहते, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व आलंच. ते इतकं क्षीण असतं, की पूर्वी ते मोजायला खोलीएवढं यंत्र लागायचं. आता कपाळाला बांधायचा पट्टा निघाला होता. त्यात काचेच्या शंभर इवल्या कुप्या, कुप्यांत धातूची वाफ, वाफेतून जाणारा लेझरचा किरण. मेंदूतलं चुंबकत्व त्या वाफेतले अणू जरासे कलवतं, किरण ते टिपतो, आणि पट्ट्याला जोडलेला छोटा स्पीकर तो शब्द बोलतो.

पण तुमच्या डोक्यातला ‘पाणी’ आणि माझ्या डोक्यातला ‘पाणी’ सारखा नसतो. प्रत्येकाचा शब्दनकाशा वेगळा काढावा लागतो. चित्र दाखवायचं, रुग्णाने मनात शब्द आणायचा, पट्ट्याने तो टिपायचा, बरोबर का चूक ते विचारायचं, आणि हे हजारो वेळा करायचं. त्यातून मेंदू बरा होत असतो, त्यामुळे कालचा ‘पाणी’ आज किंचित सरकलेला असतो. म्हणून नकाशा रोज दुरुस्त करायचा. आणि खरी गंमत पुढे आहे: यंत्र बरोबर शब्द बोललं, की तो ऐकून मेंदूही तीच वाट पक्की करतो. दोघं एकमेकांकडून शिकत जातात. हे सगळं झटक्यानंतर पहिल्या सहा महिन्यांतच होतं. त्यानंतर जे बसलं ते बसलं, राहिलं ते राहिलं.

परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने लोकांच्या मनातले न बोललेले शब्द जाहिरातवाल्यांना विकले, तेव्हा मोठा गहजब झाला आणि कायदा आला. मेंदूची नोंद जिथे घेतली त्या इमारतीबाहेर जायची नाही, इंटरनेटला जोडायची नाही, आणि त्या सर्व्हरला परवाना असलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे प्रत्येक केंद्रात स्वतंत्र सर्व्हर बसवणं आलं. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात अशी सात केंद्रं होती आणि परवाना एकटीकडे, विशाखाकडे. स्कूटरच्या डिकीत पेनड्राइव्ह आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ती फिरायची.

आणि या केंद्रातल्या अकरा रुग्णांपैकी एक होती तिची आई, अक्काताई.

अक्काताईने चाळीस वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. मागांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावंच लागतं, तशी ती घरातही ओरडूनच बोलायची. गल्लीत तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. मायलेकींचं दिवसातून दोनदा वाजायचं, त्याशिवाय दोघींना जेवण पचत नव्हतं. अक्षय तृतीयेला ती न्हाणीत पडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तीन महिने ‘आं’ आणि ‘ऊं’, आणि डोळ्यांत नुसता संताप. पट्टा बांधल्यावर पाचव्या दिवशी स्पीकरमधून पहिला शब्द आला, "आळणी." विशाखाने केलेल्या आमटीबद्दल होता तो. विशाखा तिथेच खुर्चीत बसून रडली, मग उठून म्हणाली, "बरं, उद्या खारट करते."

नवरात्राच्या आठव्या माळेला अक्काताईने पहिल्यांदा म्हटलं होतं, "विशू." नावं सगळ्यात शेवटी येतात, असं वाचा-उपचार करणाऱ्या शबाना मुजावर म्हणायच्या. नावाचं चित्र नसतं, ते माणसापासूनच शिकावं लागतं. ते आलं होतं, तीनच दिवसांपूर्वी. आणि आता डेटाबेस उठत नव्हता.

"बॅकअपची डिस्क आहे की," शबाना मॅडम दारातून म्हणाल्या. "एवढी घाबरू नकोस."

बॅकअपची डिस्क होती, भिंतीतल्या लोखंडी कपाटात. रोज संध्याकाळी सर्व्हर आपली नक्कल तिच्यावर उतरवायचा. विशाखाने कपाट उघडलं. डिस्कवरचा हिरवा दिवा विझलेला होता. तिने वायर हाताने चाचपत प्लगपर्यंत नेली. डिस्कचा प्लग काढून खाली सोडला होता आणि त्या जागी दुसरीच वायर खोचली होती. ती वायर कपाटावरून पुढे बाहेरच्या दालनात गेली, देवीच्या फोटोपर्यंत. फोटोभोवती लाल-हिरव्या दिव्यांची माळ अजून उघडझाप करत होती.

"ही माळ कधी लावली?" तिने विचारलं.

मल्लाप्पाने दाराकडे बघितलं. अण्णा तेवढ्यात आत येत होते, पांढरी टोपी सारखी करत. "घटस्थापनेला. मीच आणली माळ. का गं? काय झालं?"

"नऊ दिवस! नऊ दिवस बॅकअप बंद आहे अण्णा! सर्व्हर रोज केंद्राच्या पडद्यावर सूचना टाकत होता, बॅकअप मिळत नाही म्हणून. ती कुणी वाचली नाही?"

"ती इंग्रजी चौकट येत होती ती? ती आम्ही बंद करायचो. मधेमधे यायची."

विशाखाला बोलायला शब्द सुचेनात. मग सुचले, आणि एवढे सुचले की शबाना मॅडमनी तिचा दंड धरून तिला बाजूला नेलं. देवाधर्माच्या नावाखाली लोक यंत्राचा जीव घेतात, कागद वाचत नाहीत, चौकटी वाचत नाहीत, मग रडत बसतात, आणि निस्तरायला मात्र विशाखा मगदूम! असं ती बराच वेळ बोलत होती. बाकावरचे नातेवाईक ऐकत होते आणि सगळे मल्लाप्पाकडे बघत होते.

दुपारी घटस्थापनेच्या आदल्या दिवशीची नक्कल तात्पुरत्या यंत्रावर चढवून अक्काताईला पट्टा बांधला. शबाना मॅडमनी पाण्याचा पेला दाखवला.

"उशी," स्पीकर म्हणाला.

अक्काताईने डोळे वटारले. पुन्हा प्रयत्न केला. "उशी. जिना."

"नऊ दिवसांत मेंदू पुढे गेलाय," शबाना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "नकाशा मागे राहिला. आता ती योग्य तेच मनात आणतेय आणि यंत्र भलतंच बोलतंय. आणि भलतं ऐकून तिचा मेंदू बिथरणार. विशाखा, सहा महिने पुरे व्हायला चोवीस दिवस राहिलेत. सर्व्हर नव्याने बसव, लवकर. रोज दोन सत्रं घेतली तर बरंचसं परत मिळवू."

"आणि ‘विशू’?" विशाखाने विचारलं.

"प्रयत्न करू."

अक्काताईने डाव्या हाताने पट्टा ओरबाडून काढला आणि भिंतीवर फेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखाने सर्व्हर कोरा केला. लिनक्स नव्याने घातलं, त्यावर डेटाबेसचं पॅकेज चढवलं. डेटाबेससाठी वेगळा वापरकर्ता, त्याच्या फोल्डरला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही अशी परवानगी, बाहेरचे सगळे दरवाजे बंद, फक्त उपचाराच्या तीन खोल्यांतल्या यंत्रांना आत यायची मुभा. हे काम तिच्या बोटांना पाठ होतं. राग आला की ती हे काम जास्तच झपाट्याने करायची. कोण काय करतं ते आता कळलंच पाहिजे, असं म्हणत तिने सर्व्हरला प्रत्येक बारीकसारीक हालचालीची नोंद लिहून ठेवायला सांगितलं. कुणी श्वास घेतला तरी लिहून ठेव, मेल्या.

मग मेमरी वगैरेचे आकडे जसेच्या तसे घ्यायचे म्हणून तिने जुनी कॉन्फिग फाइल उघडली. खाली जाता जाता एका ओळीवर तिची नजर थांबली.

एफसिंक = ऑफ.

आणि पुढे तिच्याच हातची टीप: "आयात संपली की ऑन करणे. वि. म."

ही ओळ म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. डेटाबेसला नोंद दिली की तो म्हणतो, लिहिलं. पण लिनक्स ती लगेच डिस्कवर लिहीत नाही, आधी मेमरीत ठेवतं आणि सवडीने उतरवतं. म्हणून डेटाबेस दर वेळी दटावून सांगतो, खरोखर डिस्कवर उतरव, मगच मी ‘लिहिलं’ म्हणेन. त्या दटावण्याचं नाव एफसिंक. ते चालू असलं, की भर कामात वायर ओढा, वीज पडू दे, डेटाबेस उठतो आणि म्हणाला तेवढं सगळं परत देतो. ते बंद केलं, की काम सुसाट होतं. पण मग ‘लिहिलं’ म्हणणं नुसतं तोंडदेखलं. वीज गेली तर अर्धं उतरलेलं, अर्धं हवेत.

श्रावणात उद्घाटनाची तारीख पक्की झाली होती. मंडप पडला होता, पाहुणे ठरले होते. निरोगी माणसांच्या मेंदूंचे, कायद्याआधी गोळा केलेले चाळीस कोटी नमुने सर्व्हरमध्ये भरायचे होते, त्याला दोन दिवस लागणार होते. अण्णा तासातासाला फोन करत होते. विशाखाने ही ओळ बंद केली, काम पाच तासांत उरकलं. असं सगळेच करतात, आयात झाली की चालू करतात. मग नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. ती ओळ तशीच राहिली.

म्हणजे मल्लाप्पाने वायर ओढल्याने काहीच बिघडलं नसतं. हे समजायला तिला एक क्षण लागला आणि ते गिळायला दीड दिवस पुरला नाही.

तिने नव्या सर्व्हरवर एफसिंक चालू केलं, जुनी फाइल मिटली आणि गप्प बसली. गप्प बसण्याला कारणंही होती. ती बोलली तर परवाना त्याच क्षणी स्थगित. दुसरा परवानेवाला पुण्यात, त्याची तारीख मिळायची म्हणजे आठवडा कुठेच गेला नाही. चोवीस दिवसांतच काही बिघडलं तर? अकरा माणसांची वाचा आहे, आईची आहे. नंतर सांगू, चोवीस दिवस झाले की सांगू. असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि जितकं सांगत होती तितकी स्वतःवरच जास्त चिडत होती.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी एक कागद पुढे केला. आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाई दुपारी येणार होत्या. कागदावर लिहिलं होतं, शिपाई मल्लाप्पा याने सूचना धुडकावून यंत्राचा वीजपुरवठा तोडला, त्यामुळे नुकसान झालं, त्यास सेवेतून कमी करण्यात येत आहे. खाली तज्ज्ञ म्हणून विशाखाची सही हवी होती.

"पूजा करायला तुम्ही सांगितलंत, अण्णा. माळ तुम्ही लावलीत."

"मी वायर ओढ म्हणालो होतो का? यंत्र बंद कर म्हणालो. आणि हे बघ बाई, कुणाच्या तरी नावावर घालावं लागतं. केंद्राच्या नावावर घातलं तर केंद्रच बंद पडेल. तुझ्या आईने कुठे जायचं मग?"

कागद हातात घेऊन ती आईच्या खोलीत गेली. दार लावलं. अक्काताई खिडकीशी बसली होती, पट्टा बाजूला. विशाखाने सगळं सांगितलं. उद्घाटनाची घाई, ती ओळ, टीप, मल्लाप्पाला सगळ्यांसमोर काय काय बोलली ते, आणि कागद. अक्काताईला प्रत्येक शब्द समजत होता. ती ऐकत राहिली. मग तिने डावा हात उचलला आणि विशाखाच्या थोबाडीत दिली. पाच महिने त्या हाताला चमचा नीट धरता येत नव्हता, पण थप्पड चांगली सणसणीत बसली.

मग तिने त्याच हाताने दाराकडे बोट दाखवलं.

निरीक्षक बाई आल्या तेव्हा विशाखाने डिकीतलं जादा यंत्र टेबलावर मांडलं होतं. त्यात रुग्णांचं काही नव्हतं, नुसत्या खोट्या नोंदी होत्या, सेकंदाला हजार या वेगाने भरत होत्या. अण्णा, शबाना मॅडम, मल्लाप्पा, सगळ्यांना तिने बोलावलं.

"हे यंत्र मी त्या दिवशी तो सर्व्हर जसा होता अगदी तसं लावलंय," ती म्हणाली. "मल्लाप्पा मामा, वायर ओढा."

मल्लाप्पाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "म्या हात लावणार न्हाई."

"मग अण्णा, तुम्ही ओढा."

"मी कशाला?"

"पूजा करताना पुढे होतात ना? ओढा!"

अण्णांनी ओढली. यंत्र मेलं. विशाखाने पुन्हा लावलं, डेटाबेस उठला.

"बघा, उठला की," अण्णा म्हणाले.

"नशीब. पुन्हा ओढा."

दुसऱ्यांदाही उठला. निरीक्षक बाईंनी घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा ओढल्यावर मात्र पडद्यावर तीच ओळ आली: शेवटची खात्रीची नोंद सापडत नाही.

"आता मी एक शब्द बदलते. एकच. ऑफचं ऑन." तिने फाइल उघडून सगळ्यांना दिसेल असं टाइप केलं, नोंदी पुन्हा भरायला लावल्या. "ओढा."

अण्णांनी दहा वेळा ओढली. शेवटी शेवटी चिडून हिसडली. दहाही वेळा डेटाबेस उठला आणि जेवढं ‘लिहिलं’ म्हणाला होता तेवढं एकूणएक परत दिलं.

"वायर ओढल्याने डेटाबेस मेला नाही," विशाखा म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो कुणावर चढवावा हे तिला कळत नव्हतं. "मी तो ऑफ ठेवला म्हणून मेला. ही माझी टीप, ही माझी अक्षरं. ऑन करणे असं लिहून मी पेढे खायला गेले! बॅकअपचा प्लग काढला तो गुन्हा वेगळा, चौकटी मिटवल्या तो वेगळा, त्याचं अण्णांना विचारा. पण हे माझं आहे. या कागदावर मी सही करणार नाही."

"तुला कुणी विचारलं होतं का?" अण्णा पुटपुटले. "कोण बघणार होतं ती ओळ?"

"मी बघितली ना!"

निरीक्षक बाईंनी तिथेच परवाना स्थगित केला. त्यांचा नाइलाज होता, नियम तसाच होता. अण्णांनाही खुलासा मागितला. कागद फाटला.

बाहेर पडताना विशाखा मल्लाप्पासमोर उभी राहिली. "मामा, चुकलं माझं."

"चुकलं ते कळलं मला," मल्लाप्पा म्हणाला. "पर त्या दिवशी समद्यांम्होरं अक्कल काढलीस माझी. माझी नात बाहेर डबा घिऊन बसली हुती. आज खोलीत चार माणसं हुती. तवा अकरा घरची हुती." आणि तो पाण्याची कळशी भरायला गेला.

दुसऱ्या दिवशी विशाखाने अकराही घरच्यांसमोर, बाकासमोर उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. एका रुग्णाचा मुलगा तिच्या अंगावर धावून आला. शबाना मॅडम मधे पडल्या. मल्लाप्पाने ऐकलं, मान हलवली आणि तो कामाला लागला.

नवा सर्व्हर चालू होता. अक्काताईची सत्रं रोज दोन. ‘पाणी’ परत पाणी झालं. ‘आळणी’ परत आलं, शिव्या तर सगळ्यांच्या आधी आल्या. त्या मेंदूत वेगळ्या जागी असतात, असं शबाना मॅडम म्हणाल्या. तेराव्या दिवशी स्पीकर म्हणाला, "वि." अक्काताईने टेबल बडवलं. अजून एकदा, "वि."

चौदाव्या दिवशी सर्व्हर बंद पडला.

विशाखा बाहेरच्या बाकावर होती, तिला सर्व्हरच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत जायची बंदी होती. शबाना मॅडमनी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला आणि विशाखाला ऐकताच कळलं. डिस्क भरली होती. बारीकसारीक सगळं लिहून ठेव असं तिने रागाच्या भरात सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्याने इमानेइतबारे सगळं लिहून ठेवलं होतं. त्या फायली पुसायच्या, एक ओळ बदलायची. चार मिनिटांचं काम.

"मामा, किल्ली द्या. चार मिनिटं."

मल्लाप्पाच्या कमरेला किल्ली होती. त्याने ती मुठीत धरली. "तुज्या आईसाठी देऊ वाटतं गं. पर परत माझ्या नावावर आलं तर? बोल की."

विशाखाने पुढे केलेला हात मागे घेतला. तिने निरीक्षक बाईंना फोन केला, पुण्याला केला, विनवण्या केल्या, आरडाओरडा केला, मंत्रालयातल्या कुणा अनोळखी माणसाला शिव्याही घातल्या. पुण्याचा माणूस आठव्या दिवशी आला. खोलीत गेला, चार मिनिटांत बाहेर आला आणि म्हणाला, "लॉग जरा जास्त ठेवले होते." विशाखाने बाकाची कड धरून ठेवली, नाहीतर तिने त्याला मारलं असतं.

तीन दिवस उरले होते. शबाना मॅडमनी दोनाऐवजी चार सत्रं घेतली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विशाखालाच अक्काताईसमोर बसवलं.

"अक्का, ही कोण?"

अक्काताईने लेकीकडे पाहिलं. कपाळाची शीर फुगली. तिच्या मनात काय उमटलं होतं ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"परात," स्पीकर म्हणाला.

अक्काताईने जोरात मान हलवली. नाही. पुन्हा.

"परात."

सात वेळा झालं. सातही वेळा तोच शब्द आला, आणि दर वेळी तो जास्त ठाम आला. शबाना मॅडमनी शब्द किती सरकतोय ते दाखवणारी यंत्रावरची रेघ बघितली आणि पेन खाली ठेवलं. रेघ स्थिर झाली होती. वाट पक्की बसली होती. अक्काताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, संतापाचं, आणि ती डाव्या मुठीने आपलंच कपाळ बडवत होती.

विशाखाने तिची मूठ धरली.

"परात," स्पीकर म्हणाला. मग थोडा थांबून, "घरी चल."

"ओ, आई," विशाखा म्हणाली, आणि चाकाची खुर्ची दाराकडे वळवली.